दीड ग्रॅमचं पिल्लू

उंदराचं एका दिवसाचं पिल्लू तळहातावर घेतलं तर हातात काही आहे असं वाटतच नाही. वजन जेमतेम दीड ग्रॅम. अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, आणि कातडी इतकी पातळ की डाव्या कुशीत पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. विषाणूंच्या प्रयोगशाळेतला जाणता माणूस आधी तो ठिपका बघतो. ठिपका आहे म्हणजे पिल्लू आईला लुचतंय. ठिपका नसलेलं पिल्लू प्रयोगात घ्यायचं नाही. ते उद्या मेलं तर विषाणूनं मेलं की उपासानं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

अशा पिल्लाची कवटी अजून हाडासारखी कडक झालेली नसते. २७ गेजची सुई हलक्या हातानं आत जाते, ड्रिलबिल काही लागत नाही. आत सोडायचा द्रव १० ते २० मायक्रोलिटर. पाण्याचा थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा धरला, तर अर्ध्या थेंबाहूनही कमी. डास, गोचीड आणि वाळूमाशी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचं गेल्या शतकातलं बरंचसं शास्त्र या अर्ध्या थेंबावर उभं राहिलं.

१९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात एका झाडावर पिंजऱ्यात ठेवलेल्या ७६६ क्रमांकाच्या ऱ्हीसस माकडाला ताप आला. त्या माकडाचं रक्तद्रव उंदरांच्या मेंदूत टोचलं, उंदीर आजारी पडले, आणि झिका विषाणू हाती लागला. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. त्या काळात तापाच्या साथीतून आलेल्या रक्ताचं पहिलं ठिकाण बहुधा पांढऱ्या स्विस उंदराचं तान्हं पिल्लू हेच असायचं. कारण सोपं होतं. नमुन्यात कोणता विषाणू आहे ते माहीत नाही, किती आहे ते माहीत नाही, पण तान्ह्या पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असल्यामुळे जवळपास कुणालाही तिथे घर करता येतं. पिल्लू सुस्त झालं, दूध प्यायचं थांबलं, तडफडलं की समजायचं, काहीतरी आहे.

इथे एक फरक नीट धरून ठेवायला हवा, कारण पुढचे सगळे घोटाळे तो सुटल्यामुळे होतात. त्या काळात पिल्लू हे विषाणू सापडवण्याचं साधन होतं. धुराचा वास आल्यावर भुंकणारं कुत्रं आग कशी लागली ते सांगत नाही. पण आज आपण त्याच पिल्लाला विचारतो की माणसाच्या मुलाचा मेंदू या विषाणूनं का बिघडतो, कोणत्या वाटेनं बिघडतो, कोणत्या औषधानं वाचेल. साधनाला आपण मॉडेल म्हणायला लागलो. सुई तीच राहिली.

उदाहरण आपल्याच घरचं घेऊ. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात तापाची साथ होती, चिकुनगुन्या आणि डेंगीची. त्यातल्या दोन रुग्णांच्या रक्तातून भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी एक वेगळाच विषाणू वेगळा केला आणि १९६७ मध्ये त्यावरचा निबंध छापला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रेबीजच्या कुळातला, पाच प्रथिनांचा, अकरा हजारांच्या आसपास अक्षरांच्या आरएनएचा. गावाचं नाव विषाणूला मिळालं आणि पुढची बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वरासारख्या आजारानं पडली, त्यातली १८३ गेली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि अनेकदा दोन दिवसांच्या आत शेवट. २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा तेच. त्या मोसमात १५ ऑगस्टपर्यंत देशात ६४ रुग्णांत चांदिपुरा पक्का ठरला, बहुतेक गुजरातेतलेच. वाहक बहुधा वाळूमाशी, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी, मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत येण्याइतकी बारीक.

चांदिपुऱ्याचं उंदरातलं वागणं मोठं मोहात पाडणारं आहे. तान्ह्या पिल्लाला तो कुठूनही द्या, कातडीखाली, पोटात किंवा मेंदूत, पिल्लू मरतं. वाढलेल्या उंदराला पोटात किंवा कातडीखाली दिला तर तो पचवतो. थेट मेंदूत टोचला तरच मरतो. माणसांतही १५ वर्षांखालची मुलंच पडतात, मोठ्यांना फार तर ताप येऊन जातो. बघा, जुळलं की नाही! लहान मरतं, मोठं वाचतं, इथेही आणि तिथेही.

पण हे जुळणं वरवरचं असू शकतं. उंदराच्या पिल्लाचा मेंदू जन्मतःच खूप अर्धवट असतो. साधारण सात ते दहा दिवसांच्या पिल्लाचा मेंदू माणसाच्या पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या मेंदूशी तुलनेला येतो. म्हणजे दोन दिवसांचं पिल्लू हे अपुऱ्या दिवसांच्या बाळासारखं. चांदिपुऱ्यानं गेलेलं मूल मात्र तीन वर्षांचं, सात वर्षांचं, अंगणात खेळणारं. त्याचा मेंदू, त्याची प्रतिकारशक्ती, मेंदूभोवतीचा रक्तवाहिन्यांचा बांध हे सगळं केव्हाच उभं राहिलेलं असतं. दोघंही मरतात हे खरं, पण एकाच कारणानं मरतात हे अजून सिद्ध करायचं असतं. म्हणून काही अभ्यासक तान्ह्या पिल्लाऐवजी दहा दिवसांचं पिल्लू घेतात. त्यात मृत्यू थोडे उशिरा येतात, आकडे कमी झगझगीत दिसतात, पण तुलना जरा तरी धड होते.

दुसरा प्रश्न वाटेचा. वाळूमाशी कातडीत चावते. तिथून विषाणू रक्तात, रक्तातून कुठल्यातरी फटीनं मेंदूत. सुई या सगळ्या प्रवासाला एका क्षणात वळसा घालते. मेंदूत टोचलेल्या विषाणूवर लस टिकली तर ती लस भक्कम आहे असं म्हणता येतं, कारण परीक्षा फार कडक होती. पण विषाणू मेंदूत शिरतो कसा, हा प्रश्न त्या उंदराला विचारण्यात अर्थ नाही. उत्तर आपणच सुईनं देऊन टाकलेलं असतं. त्यासाठी तळपायात, कातडीखाली किंवा पोटात द्यावं लागतं. नाकातून दिला तर काही विषाणू वासाच्या नसेवरून थेट मेंदूच्या पुढच्या टोकाला, घ्राणकंदात पोचतात. ती आणखी वेगळी वाट, आणि माणसात ती खरोखर चालते का हे प्रत्येक विषाणूगणिक वेगळं.

आता हाताच्या कामाबद्दल थोडं, कारण बिघडतं ते बहुतेक तिथेच.

मेंदूत टोचताना दोन डोळ्यांच्या मधोमध जायचं नाही. तिथे मधल्या रेषेत मोठी शीर आहे, फुटली की पिल्लू जागच्या जागी जातं. डोळा आणि कान यांच्या मधल्या रेषेवर, मध्याच्या जरा बाजूला, दोन मिलिमीटरच्या आत. सुईवर प्लॅस्टिकच्या नळीचा छोटा तुकडा चढवून ठेवला की ती ठरल्यापेक्षा खोल जात नाही. द्रव सोडल्यावर सुई लगेच ओढली तर आतला दाब तो द्रव परत बाहेर फेकतो. कातडीवर चमकणारा थेंब दिसतो. मग त्या पिल्लाला डोस किती मिळाला हे देवालाच ठाऊक. म्हणून आठ-दहा सेकंद थांबायचं, मग सावकाश बाहेर. टोचल्यापासून चोवीस तासांच्या आत मेलेली पिल्लं सुईच्या इजेनं मेली असं धरून हिशेबातून वगळतात. हा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवावा लागतो. नंतर ठरवला तर वगळण्याचा हात नेमका नावडत्या आकड्यांकडे वळतो.

मग आई. पिल्लांना परका वास लागला तर ती त्यांना खाऊ शकते. पहिलटकरीण असेल तर जास्तच. हातमोजे घातले की आधी त्याच पिंजऱ्यातल्या भुशात ते चोळायचे, पिल्लं परत ठेवताना घरट्याच्या कापसात लोळवायची, आणि आईला तेवढ्यापुरतं दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवायचं. पिल्लं थंड पडू द्यायची नाहीत. त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि थंड पिल्लाला आई बाजूला सारते. एका आईजवळ सहा ते आठच ठेवायची, म्हणजे सगळ्यांना सारखं दूध. सकाळी पिंजऱ्यात सहाऐवजी चार पिल्लं मिळाली, तर ती दोन विषाणूनं मेली आणि मग खाल्ली गेली, की खाल्ली गेली म्हणून मेली? अशा दोन पिल्लांनी अख्खा गट निकालात निघू शकतो.

एका वेताचा प्रश्न याहून अवघड आणि जास्त दुर्लक्षित. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र उदाहरणं नव्हेत. त्यांचं दूध एक, आईकडून आलेली प्रतिपिंडं एक, घरटं एक. एका वेताला विषाणू आणि दुसऱ्या वेताला नुसता द्रव दिला, आणि फरक दिसला, तर तो फरक विषाणूचा की आयांचा? म्हणून प्रत्येक वेत मधोमध विभागायचं: निम्म्या पिल्लांना विषाणू, निम्म्यांना बिनविषाणूचं मिश्रण. तसं करताना एकाच घरट्यात विषाणू एकातून दुसऱ्यात जात नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. ती नसेल तर वेत विभागता येत नाही, मग वेतांची संख्याच वाढवायची. गणित करताना संख्या पिल्लांची नाही, वेतांची. दहा वेतं लागतील असं कळलं की प्राणीगृहाचा खर्च दिसतो आणि अनेकांचं मन चार वेतांवर येतं.

ते 'बिनविषाणूचं मिश्रण' काय असावं, यावरही बरंच अवलंबून आहे. पूर्वी विषाणूचा साठा आजारी पिल्लांच्या मेंदूपासूनच करत: मेंदू वजन करून, दहा टक्क्यांचं मिश्रण वाटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं पाणी छोट्या कुप्यांत भरून उणे ऐंशीला. आजही काही ठिकाणी करतात. असा साठा टोचला तर तुलनेच्या गटाला मिठाचं पाणी देऊन भागत नाही. निरोगी पिल्लांच्या मेंदूचं तेवढ्याच ताकदीचं मिश्रण द्यावं लागतं. कारण परक्या मेंदूचा लगदा स्वतःच मेंदूला सूज आणू शकतो. हे आपल्याकडच्या एका पिढीला वेगळं सांगायला नको. कुत्रं चावल्यावर पोटात दिली जाणारी ती चौदा इंजेक्शनं आठवा. कसौलीला डेव्हिड सेंपलनं १९११ मध्ये तयार केलेल्या पद्धतीची ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या रेबीजची होती, फिनॉलनं मारलेली. रेबीजपासून ती वाचवायची, पण काही माणसांना तिच्यामुळेच पक्षाघात व्हायचा. मेंढीच्या मेंदूतल्या मज्जाआवरणावर शरीर चिडायचं आणि तो राग स्वतःच्या मज्जेवर निघायचा. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून नेमकं हेच दाखवलं होतं, विषाणूचा लवलेश नसताना. मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे माणसाचं मज्जाआवरण झडण्याच्या आजाराचं, आजचं सगळ्यात वापरातलं मॉडेल त्यातूनच आलं. तेव्हा बिनविषाणूच्या मेंदूचं मिश्रण म्हणजे शोभेचा गट नाही.

प्रयोगशाळेतले उंदीर स्वतः काय घेऊन आलेत, हेही बघावं लागतं. उंदरांचा स्वतःचा कोरोना विषाणू, ज्याला माउस हेपटायटिस व्हायरस म्हणतात, आणि त्यांच्या मेंदूला बाधू शकणारा थायलरचा विषाणू प्राणीगृहांत गुपचूप फिरत असतात. मेंदूतून मेंदूत साठा पुढे नेताना ते आयते बरोबर येतात. म्हणून पेशींमध्ये वाढवलेला आणि तपासलेला साठा आता बरा मानतात.

टोचलेला डोस खरंच किती होता ते त्याच दिवशी मोजायचं. सिरिंजमध्ये उरलेला द्रव फेकून न देता व्हेरो पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर, टाकायचा. कुपी दोनदा वितळली-गोठली असेल तर आपण समजतो त्याच्या कितीतरी कमी विषाणू आत गेलेला असतो, आणि मग 'या तुकडीत उंदीर वाचले' हा शोध लागतो.

पाळत दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, आणि कोणत्या पिंजऱ्याला काय दिलंय ते माहीत नसलेल्या माणसाकडून. शून्य म्हणजे ठणठणीत. एक, केस विस्कटलेले. दोन, पाठ कुबडल्यासारखी आणि हालचाल मंद. तीन, मागचे पाय लुळे. चार, उताणं टाकलं तर पालथं होता येत नाही. वाढत्या उंदराचं वजन रोज. सुरुवातीच्या वजनाचा पाचवा हिस्सा घटला किंवा तीनचा टप्पा आला, की बहुतेक ठिकाणी उंदराला वेदना न होता संपवतात. मरेपर्यंत वाट बघायची नाही. दया हे त्यामागचं एक कारण. दुसरं असं की, रात्री मेलेला उंदीर सकाळी सापडतो तेव्हा त्याच्या मेंदूच्या पेशी आधीच विरघळायला लागलेल्या असतात, आणि काचपट्टीवर ते विषाणूचं काम की नुसतं कुजणं हे सांगता येत नाही. ज्यांना दयेचं कारण पुरेसं वाटत नाही त्यांना हे दुसरं पटतं.

मेंदू काढण्याआधी रक्त धुवायचं. हे काम नीट झालं नाही तर पुढचे सगळे आकडे खोटे. उंदीर पूर्ण भुलीत असताना छाती उघडून सुई हृदयाच्या डाव्या निलयात, उजव्या अलिंदाला छोटी कात्री, आणि थंड सलाइन सावकाश, २० ते ३० मिलिलिटर. यकृताकडे बघत राहायचं. ते काळसर लालाचं हळूहळू ओल्या मातीसारखं फिकट होत जातं. तसं झालं म्हणजे रक्त निघून गेलं. पण यकृत लालच राहिलं, फुप्फुसं पांढरी होऊन फुगली आणि नाकपुडीतून पाणी आलं, तर सुई मधला पडदा फोडून पलीकडे गेली आहे. तिथून मागे येता येत नाही. तो उंदीर या मोजणीसाठी गेला. रक्त तसंच राहिलं तर रक्तातला विषाणू मेंदूच्या खात्यावर पडतो आणि आपण छापतो की विषाणू दुसऱ्याच दिवशी मेंदूत पोचला.

धुतलेला मेंदू मधोमध चिरायचा. एक अर्धा विषाणू मोजायला उणे ऐंशीत, दुसरा काचपट्ट्यांसाठी चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये. उलटसुलट झालं की संपलं, कारण पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये विषाणू जिवंत राहत नाही. मोजणीचं गणित शाळकरी आहे. उंदराचा मेंदू साधारण ०.४ ग्रॅम, म्हणजे अर्धा ०.२. दहा टक्क्यांचं मिश्रण म्हणजे एकूण दोन मिलिलिटर. ते दहा हजार पट पातळ करून ०.१ मिलिलिटर पेशींवर टाकलं आणि ४२ प्लाक दिसले, प्लाक म्हणजे पेशींच्या चादरीला पडलेली भोकं, तर मिलिलिटरला ४२ लाख, ग्रॅमला ४ कोटी २० लाख. चांदिपुऱ्याची भोकं दिवस-दोन दिवसांत दिसतात, जपानी मेंदूज्वराची चार-पाच दिवसांनी. त्याच नमुन्यावर पीसीआर केला तर विषाणू गेल्यावरही त्याचा आरएनए सापडत राहतो. पीसीआर मागे राहिलेले सांगाडेही मोजतो, प्लाक फक्त जिवंत मोजतो. दोन्ही आकडे एकाच आलेखावर टाकून 'विषाणू टिकून राहतो' असं म्हणणारे निबंध वाचायला मिळतात, आणि चिडायला होतं.

एवढं सगळं सांभाळलं तरी उंदराची जात उरते. जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल यांच्या कुळातल्या विषाणूंपुढे प्रयोगशाळेतले बहुतेक उंदीर टपाटप मरतात, आणि रानातले अनेक उंदीर मरत नाहीत. हे कोडं १९३० च्या दशकापासून माहीत होतं. उत्तर २००२ मध्ये मिळालं: ओएएस१बी नावाच्या जीनमध्ये आपल्या पिंजऱ्यातल्या उंदरांना मध्येच पूर्णविराम पडलेला आहे, प्रथिन अर्धवटच तयार होतं. रानातल्या उंदरात ते पूर्ण असतं. म्हणजे प्रयोगशाळेतल्या ज्या ब्लॅक सिक्स आणि बाल्ब-सी जातींच्या उंदरांवर आपण ढीगभर निष्कर्ष काढले, ते मुळात या विषाणूंपुढे एक हत्यार कमी घेऊन जन्मलेले. याचा अर्थ ते निष्कर्ष फेकून द्यावेत असा नाही. पण 'उंदरात असं होतं' हे वाक्य कुठल्या उंदरात ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

झिकाची गोष्ट याच्या उलटी. त्याचं एक प्रथिन माणसाच्या पेशीत इंटरफेरॉन या विषाणूविरोधी इशाऱ्याचा निरोप नेणाऱ्या स्टॅट२ला नष्ट करतं, उंदराच्या स्टॅट२ला करू शकत नाही. म्हणून धडधाकट वाढलेला उंदीर झिकाला दाद देत नाही, आणि अभ्यासासाठी इंटरफेरॉनचा दरवाजाच काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. कोविडच्या वेळी मूळचा विषाणू उंदराच्या पेशीला चिकटेना, तेव्हा माणसाचं एसीई-२ ग्राहक-प्रथिन बसवलेले के-१८ उंदीर कामी आले. ते मेले, पण बहुतेक मेंदूच्या संसर्गानं, जो माणसात मुख्य आजार नव्हता. सीरियन हॅमस्टरमध्ये फुप्फुसाचा आजार आणि वास जाणं हे माणसासारखं दिसलं. कोव्हॅक्सिनसाठी एनआयव्हीनं हॅमस्टर आणि ऱ्हीसस माकडं घेतली, के-१८ उंदरांच्या मेंदूकडे बघून लस ठरवली नाही, ते योग्यच झालं.

थायलरचा विषाणू तर एकच, पण ब्लॅक सिक्स उंदराला मेंदूत दिला तर काही दिवसांत अपस्माराचे झटके येतात आणि विषाणू नंतर निघून जातो. एसजेएल जातीला दिला तर विषाणू राहतो आणि महिन्यांनी मज्जाआवरण झडतं. विषाणू एक, आजार दोन. दोष कुणाचाही नाही, फक्त कोणता आजार अभ्यासायचा ते आधी ठरवून उंदीर मागवायचा.

मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांचं काय होतं, हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वात मोठा वाटतो, आणि मॉडेलांनी तो सर्वात उशिरा हातात घेतला. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोकांत काही ना काही मागे राहतं: हात वाकडा, झटके, विसरभोळेपणा, शाळेत मागे पडणं. पण उंदीर मरत असेल तर विसरभोळा उंदीर मिळणार कुठून? सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबिन क्लाइन यांच्या गटानं वेस्ट नाइलचा एक दुबळा केलेला प्रकार घेतला, ज्यातून उंदीर वाचतात. नंतर त्यांना बार्न्स मेझवर सोडलं. हे एक गोल टेबल असतं, कडेनं वीस भोकं, त्यांतल्या एकाच भोकाखाली लपायची पेटी. निरोगी उंदीर काही दिवसांत ती पेटी लक्षात ठेवतो. वाचलेल्या उंदरांपैकी काही पुन्हा पुन्हा चुकत राहिले. २०१६ मध्ये छापलेल्या या कामात दिसलं ते असं: हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागातल्या पेशी जागेवर होत्या, पण त्यांच्यातले जोड, सिनॅप्स, मेंदूच्याच मायक्रोग्लिया पेशी खाऊन टाकत होत्या, कॉम्प्लिमेंट या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांनी केलेल्या खुणेवरून. विषाणू गेला होता. पहारेकरी मात्र घर आवरत सुटले होते.

अशा चाचण्यांतही सापळे आहेत. पाण्याच्या चक्रव्यूहात, मॉरिस मेझमध्ये, उंदराला दुधी पाण्याखाली लपलेला चौथरा शोधायचा असतो आणि भिंतीवरच्या खुणांवरून जागा ओळखायची असते. आता पांढरे स्विस किंवा बाल्ब-सी उंदीर लाल डोळ्यांचे, नजर कच्ची. एफव्हीबी आणि सी३एच या जातींचे उंदीर तर तरुणपणातच आंधळे होतात. त्यांना भिंतीवरची खूण दिसतच नाही, आणि आपण लिहितो की विषाणूनं स्मृती गेली. मागचा पाय लंगडा असेल तर पोहणंच मंद. म्हणून आधी चौथरा पाण्यावर, झेंडी लावून ठेवायचा. तिथेही उंदीर अडला तर प्रश्न डोळ्यांचा किंवा पायांचा. आणि आजारी उंदराला नुसतंच कंटाळून तरंगत राहायलाही आवडतं.

भारतात हे सगळं करण्याआधी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीचा 'फॉर्म बी' भरावा लागतो. किती प्राणी, का तेवढेच, वेदना कशी कमी करणार, प्राण्याशिवाय का भागत नाही. संस्थेच्या समितीत शास्त्रज्ञांबाहेरचाही एक सदस्य असतो. फॉर्मला कागदी काम समजून कंटाळणारे पुष्कळ. पण 'तेवढेच का' हा रकाना मन लावून भरला की वेतांचा हिशेब, वगळण्याचा नियम, पाळत कोण ठेवणार, हे सगळं आपोआप कागदावर येतं.

आता औषधांकडे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटानं मायनोसायक्लिन हे मुरुमांवरही दिलं जाणारं जुनं प्रतिजैविक जपानी मेंदूज्वराच्या उंदरांना दिलं, आणि उंदीर मोठ्या प्रमाणात वाचले. औषध विषाणूपेक्षा मायक्रोग्लियाच्या भडक्यावर काम करत होतं. हे स्वस्त, तोंडानं देता येणारं औषध पुढे उत्तर प्रदेशात मेंदूज्वराच्या रुग्णांवर रीतसर चाचणीत गेलं. २०१६ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांत मृत्यू थोडे कमी, पण फरक योगायोगापलीकडे आहे असं म्हणता येईल इतका नाही.

उंदीर खोटं बोलला असं मला वाटत नाही. उंदराच्या वेळी घड्याळ आपल्या हातात होतं. विषाणू अमुक वाजता दिला, औषध त्यानंतर चोवीस तासांनी, आजार दिसायच्या कितीतरी आधी. मुलाच्या आजाराचा शून्य तास कुणालाच माहीत नसतो. डास चावला त्याला आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. ताप आला, गावातल्या डॉक्टरांकडे गेले, दुसऱ्या दिवशी झटके आले, तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं. पहिला डोस नळीतून पोटात जातो तेव्हा मेंदूतलं बरंचसं होऊन गेलेलं असतं. त्यातून चाचणीत आलेल्या सगळ्यांना जपानी मेंदूज्वरच होता असंही नव्हतं. पिंजऱ्यातल्या सगळ्यांना होता.

म्हणून उपचाराचा प्रयोग दुसऱ्या तऱ्हेनं मांडावा लागतो. घड्याळ बघून औषध सुरू करायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाळत ठेवायची, आणि ज्या दिवशी एखाद्या उंदराची पाठ कुबडली, मागचा पाय भुशात अडखळायला लागला, त्या दिवशी त्याला पहिला डोस. प्रत्येक उंदराचा शून्य तास वेगळा. कुणाचा पाचव्या दिवशी, कुणाचा सातव्या, एखाद्याचा येतच नाही. नोंदवही गिचमिड होते, प्राणी जास्त लागतात, रविवारीही कुणीतरी पिंजऱ्यापाशी असावं लागतं. आणि जगण्याच्या आलेखातल्या दोन रेषा, ज्या आधी एकमेकींपासून हातभर लांब गेल्या होत्या, त्या आता जवळजवळ चालतात. मध्ये बोट शिरेल एवढीच जागा राहते.